बाईंचंही नाव फळ्यावर! शाळेतल्या शेऱ्याची घरी पुन्हा शिक्षा करावी का?

गोदाकाठ

माझा मुलगा तिसरीत आहे. शाळा नाशिकमधली, मराठी माध्यमाची, वर्ग भरगच्च. मुलगा बोलका. बोलका म्हणजे सकाळी दात घासतानाही त्याचं काहीतरी सांगणं चालू असतं आणि आरशावर पांढरे ठिपके उडतात. पहिलीपासून डायरीत लाल शाईने शेरे येतात. 'शेजारच्या मुलाशी बोलतो.' जागा बदलल्यावर 'मागे वळून बोलतो.' शेवटच्या बाकावर बसवल्यावर 'खिडकीबाहेरच्या मुलांशी बोलतो.'

गेल्या आठवड्यात बाईंनी त्याला मॉनिटर केलं. 'जो बोलेल त्याचं नाव फळ्यावर लिही' असं सांगून त्या दाराशी गेल्या आणि शेजारच्या तुकडीच्या बाईंशी बोलत उभ्या राहिल्या. परत येऊन बघतात तर फळ्यावर काही मुलांची नावं आणि सगळ्यांत खाली, सुवाच्य अक्षरात, 'बाई'.

वर्ग खदखदून हसला. डायरीत शेरा आला: 'उद्धट वर्तन. पालकांनी दखल घ्यावी.' मी विचारलं तर म्हणाला, "आई, बाई म्हणाल्या होत्या ना, जो बोलेल त्याचं. मग बाई बोलत होत्या." चेहऱ्यावर खोडी करतानाचं ते ओळखीचं हसू अजिबात दिसलं नाही. तो खरंच गोंधळला होता.

आता दखल म्हणजे नेमकं काय घ्यायचं? त्याचे बाबा म्हणतात, आठवडाभर संध्याकाळचं खेळणं बंद. सासूबाई म्हणतात, अंगठे धरून उभा करा. माझं म्हणणं असं, की शाळेत व्हायचं ते झालं. बाई रागावल्या, मॉनिटरपद गेलं, तो रडला. त्याच गोष्टीची घरी दुसरी शिक्षा नको, बोलणं हवं. तुमच्या घरी काय करता? शिक्षक मंडळींनी तर जरूर सांगा.

रंकाळा

हहपुवा (हसून हसून पुरेवाट)! ऑफिसात वाचलं, शेजारचा विचारतोय काय झालं. पोराचं अक्षर सुवाच्य आहे हे बाईंनी शेऱ्यात लिहायला हवं होतं.

तिखटमीठ

एकच शंका. नाव 'बाई' एवढंच लिहिलं की पुढे फुल्याही मारल्या? आमच्या वेळी जास्त बोलणाऱ्याच्या नावापुढे फुल्या वाढत जायच्या.

गोदाकाठ

@तिखटमीठ, दोन फुल्या होत्या :)

निवृत्त_बाई

गोदाकाठ, तुमच्या मुलाचं मला कौतुक वाटलं आणि त्याच्या बाईंची दयाही आली. दोन्ही मनापासून.

मी नोकरीची उभी हयात ठाणे जिल्ह्यात प्राथमिकला काढली. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीला साधारण ३० मुलांमागे एक शिक्षक आणि सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक असं प्रमाण धरलंय. खाजगी शाळांच्या कितीतरी वर्गांत त्याच्या दीडपट-दुप्पट मुलं बसलेली मी पाहिली आहेत. तेवढ्या मुलांनी एकेक वाक्य बोललं तरी फळ्याकडे पाठ करून उभ्या असलेल्या बाईला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. दिवसाअखेर घसा बसतो. त्यात वर्ग बाईंवर हसला, की पुढचा अख्खा तास हातातून जातो. त्या मिनिटाला त्यांना राग आला असेल तर मी तो समजू शकते.

पण बोलणाऱ्यांची नावं मुलाकडून लिहून घेण्याची ही पद्धत मला कधीच पटली नाही. आठ वर्षांच्या मुलाला आपण मित्रांवर पहारा करायला उभं करतो. मग मॉनिटर ज्याच्याशी कट्टी त्याचं नाव लिहितो, आणि ज्याच्या डब्यात लाडू त्याचं पुसतो. तुमच्या मुलाने नियम सगळ्यांना सारखा लावला. असा मॉनिटर माझ्या वर्गात कधी मिळाला नाही!

आता तुमचा प्रश्न. घरी दुसरी शिक्षा करू नका. सोमवारी वर्गात घडलेल्या गोष्टीसाठी गुरुवारी खेळ बंद असेल, तर मुलाच्या डोक्यात त्या दोन्हींचा सांधा जुळत नाही. त्याला फक्त एवढंच उमगतं, की डायरी घरी दाखवली की वाईट होतं. मग डायरी हरवायला लागते, शेऱ्याचं पान चिकटतं, आईची सही मूल स्वतः करायला शिकतं. हे सगळं मी पाहिलंय.

खानदेशी_तडका

मी थोडा वेगळा सूर लावतो. मुलाने नियम पाळला वगैरे ठीक आहे, पण मोठ्यांचा मान म्हणून काही असतो की नाही? आमचे वडील आम्हाला शाळेत सोडताना हेडसरांना सांगायचे, "डोळे तेवढे सांभाळा, बाकी हवं तेवढं मारा." पाढा चुकला की पट्टी, उशीर झाला की कोंबडा. आम्ही काय बिघडलो? तीसपर्यंत पाढे आजही तोंडपाठ आहेत. आताची पोरं शिक्षकांचं नाव फळ्यावर लिहितात आणि आपण टाळ्या वाजवतो. घरी काहीच झालं नाही तर मूल समजेल की आई आपल्या बाजूने आहे, बाईंनी काहीही लिहावं.

पिंपळपान

+१ खानदेशी. निदान माफी तरी मागायला लावा.

वकील_पुणे

खानदेशीदादा, पट्टी आणि कोंबडा तुमच्या आठवणीतच राहू द्या. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याचं कलम १७ सरळ सांगतं, की कोणत्याही मुलाला शारीरिक शिक्षा करता येणार नाही आणि मानसिक त्रासही देता येणार नाही. तसं करणाऱ्यावर सेवानियमांप्रमाणे शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. अंगठे धरायला लावणं, कोंबडा, ओणवं उभं करणं, उन्हात थांबवणं या शारीरिक शिक्षाच आहेत. हात लावला नाही म्हणून त्या सुटत नाहीत.

'मानसिक त्रास' हे शब्द लोक वाचतच नाहीत. वर्गासमोर 'ढ' म्हणणं, भावंडाशी तुलना करून लाजवणं हेही त्यात बसतं. डायरीतला एक शेरा मी त्यात धरणार नाही, त्यामुळे गोदाकाठ, तक्रारबिक्रार करण्याचा हा विषय नाही. बाईंना जाऊन भेटा.

खिडकीजवळचा_बाक

अवांतर: आम्हाला बाकावर उभं करायचे. माझ्या बाकावर उभं राहिलं की खिडकीतून एसटी स्टँड पूर्ण दिसायचं. कुठली गाडी लागली, कंडक्टर कोण आहे, सगळं कळायचं. गावाला जाणारी मुलं मधल्या सुट्टीत मला वेळापत्रक विचारायची. बाईंना हे समजलं तेव्हा शिक्षा बदलली, दरवाजामागे उभं करायला लागल्या.

तिखटमीठ

@खिडकीजवळचा_बाक, आमच्याकडे वर्गाबाहेर उभं करायचे. शेजारच्या वर्गातून माझा मित्रही बाहेर काढलेला असायचा. आमची खरी मैत्री त्या व्हरांड्यात झाली. अजून टिकून आहे.

रंकाळा

उशिरा येणाऱ्यांसाठी आमच्याकडे मैदानातला कचरा गोळा करायची शिक्षा होती. आता २०२४ पासून राज्यात चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नका असं सांगितलंय, तर भाचा ९ लाही उशिराच पोचतो. वहिनी म्हणते, शाळा दुपारी २ ला ठेवली तरी हा २ वाजून १० मिनिटांनी जाईल.

ओसाकावासी

रंकाळा, कचऱ्यावरून आठवलं. जपानमध्ये माझ्या लेकीच्या शाळेत मुलं रोज स्वतःचा वर्ग, जिने, संडाससुद्धा साफ करतात. डोक्याला रुमाल, हातात फडकं, आणि सगळे रांगेत गुडघ्यावर बसून लादी पुसत पळतात. तिथे ते वेळापत्रकाचाच भाग आहे. शिक्षा म्हणून सफाई दिली, की मूल आयुष्यभर झाडूला हात लावायला लाजतं, असं माझं ठाम मत झालंय.

आणि मॉनिटरचं. इथे 'निच्चोकु' नावाची रोजची पाळी असते. तास सुरू होताना 'उभे राहा, नमस्कार करा' सांगायचं, फळा पुसायचा, वर्गाची रोजनिशी लिहायची. आज एक, उद्या दुसरा, वर्गातल्या प्रत्येकावर ती येते. माझी लेक घरी बोलायला लाजते, पण पाळीच्या दिवशी तिचा आवाज खणखणीत असतो. गोदाकाठ, तुमच्या शाळेत असं सुचवून बघा.

ह्यूस्टनकर

परदेशातलं सगळंच पुढारलेलं असतं असं कुणाला वाटत असेल तर सांगतो. टेक्सासमध्ये शाळेत लाकडी फळीने मारणं आजही पूर्ण बंद नाही. शाळांच्या स्थानिक मंडळाने तसं धोरण ठेवलं असेल, तर 'माझ्या मुलाला मारू नका' असं पालकांनी लेखी कळवावं लागतं. १९७७ साली इथल्या सर्वोच्च न्यायालयाने शाळेतला मार घटनेच्या क्रूर शिक्षेविरुद्धच्या तरतुदीखाली येत नाही असा निकाल दिला होता, तो अजून उभा आहे. आमच्या शाळेत मार नाही, पण मी कागद वाचल्याशिवाय सही करत नाही.

आमच्या वर्गात रंगीत तक्ता आणि कपड्यांचे चिमटे आहेत. प्रत्येकाच्या नावाचा चिमटा. नीट वागलं की वर, नाही तर पिवळ्यावर, मग लालवर. माझ्या मुलाने पहिल्याच आठवड्यात येऊन सांगितलं, "बाबा, माझा चिमटा लालवर गेला, पण तिथून मला मित्राचा दिसतो, तो पण लालवरच आहे." तिखटमीठ यांचा व्हरांडा तो हाच!

माणदेशी_गुरुजी

मी जिल्हा परिषद शाळेत आहे, दोन शिक्षकी. माझ्याकडे एका खोलीत दोन इयत्ता. तिथे हाताची घडी, तोंडावर बोट करून चालतच नाही. एक गट काड्यांचे गठ्ठे करून वजाबाकी करतो, दुसरा जोडीने वाचतो, आणि मी तिसऱ्या कोपऱ्यात एखाद्या अडलेल्या मुलाजवळ बसलेलो असतो. आवाज असतो, असणारच. कामाचा आवाज आणि रिकामा आवाज यातला फरक शिक्षकाच्या कानाला कळतो. वर्ग एकदम चिडीचूप झाला तर मीच उठून बघतो, काहीतरी भानगड असते! मागे एकदा अशीच शांतता पसरली होती, पाहतो तर सगळे एका बेडकाभोवती.

जूनमध्ये आम्ही नियम मुलांकडूनच काढून घेतो. परिपाठ झाला की गोल बसायचं आणि ठरवायचं. मुलांचे नियम आपल्यापेक्षा कडक असतात. 'दुसऱ्याच्या आईवरून बोलायचं नाही.' 'खोडरबर मागून घ्यायचं, उचलायचं नाही.' एका वर्षी चौथीतल्या मुलीने सुचवलं, 'गुरुजींनी मोबाइल ऑफिसात ठेवून यायचं.' हात वर झाले, नियम पास. मी ठेवून येतो. एकदा विसरून खिशात राहिला आणि वाजला, तर सगळा वर्ग माझ्याकडे बघत राहिला. मी उठलो, ऑफिसात ठेवून आलो. त्यानंतर त्या वर्गाला नियमाबद्दल एकदाही ओरडावं लागलं नाही.

खानदेशीदादा, मान जातो असं मला तरी दिसलं नाही. त्या बाईंनी त्या वेळी हसून आपल्या नावापुढची एक फुली आणखी वाढवली असती, तर ती मुलं आयुष्यभर त्यांची झाली असती. पण हे बाहेरून सांगणं सोपं आहे, त्यांच्या वर्गात मुलं किती, हेही बघायला हवं.

कोसबाडची_ताई

गुरुजी, फार छान लिहिलंत. मी बालवाडीचं प्रशिक्षण घेतलेली आहे, म्हणून एक गोष्ट मांडते.

माँटेसरी पद्धतीत शांततेचा खेळ असतो. पडदे ओढून खोलीत थोडा अंधार करायचा, मुलांना डोळे मिटून बसायला सांगायचं. घड्याळाची टिकटिक, बाहेरची चिमणी, स्वतःचा श्वास ऐकायचा. मग ताई दुसऱ्या खोलीतून एकेकाचं नाव अगदी हळू, कुजबुजत घेते. ज्याचं नाव ऐकू येईल त्याने पाय न वाजवता उठून यायचं. सगळ्यांत दंगेखोर मूल सगळ्यांत ताणून बसलेलं असतं, कारण आपलं नाव चुकायला नको. गप्प बसा असं कुणी म्हणावंच लागत नाही.

आपल्याकडे हे नवं नाही. शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांनी १९२० मध्ये गुजरातेत भावनगरला दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केलं. तिथे मार नाही आणि बक्षिसाचं आमिषही नाही. मुलं त्यांना 'मूछाळी मा', म्हणजे मिशावाली आई म्हणायची. ताराबाई मोडक त्यांच्याबरोबर काम करून महाराष्ट्रात आल्या, १९४५ ला बोर्डीला आणि पुढे कोसबाडला अनुताई वाघांसह आदिवासी मुलांसाठी शाळा उभ्या केल्या. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा पाड्यात नेली, आणि गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणात नेली. गुरांमागे फिरणाऱ्या मुलाला हाताची घडी घालून बसवता येतं का? त्याला जिथे रस आहे तिथून सुरुवात करावी लागते. मारामुळे आपण शिकलो असं म्हणणाऱ्यांनी हे काम समजून घ्यावं, असं मला कळकळीने वाटतं.

रंकाळा

आणि खानदेशीदादा, अमळनेर तर तुमच्याकडचंच. साने गुरुजी तिथल्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवायचे, छात्रालयही बघायचे. मुलांच्या खोल्या अस्ताव्यस्त दिसल्या की न बोलता स्वतः आवरायचे. मुलांनाच लाज वाटून ती आवरायला लागली.

खानदेशी_तडका

साने गुरुजी काढलेत, आता मी काय बोलू! ठीक आहे, मार सोडा, कायदाही मान्य. पण माझा एक मुद्दा कुणीच घेतला नाही. तो जो बोलतो, त्याच्या शेजारी बसलेल्या मुलाचं काय? त्याला बाईंचं ऐकू येत नाही, त्याचं गणित बुडतं. त्याच्या आईला विचारा, बोलक्या मुलाचं कौतुक तिला किती वाटतं ते. शिस्त त्या मुलासाठी असते.

सईची_आई

मी ती आई आहे असं समजा. माझी मुलगी दुसरीत, शेवटपर्यंत हाताची घडी घालून बसणारी. प्रगतिपुस्तकात 'शिस्तप्रिय, शांत'. नातेवाइकांना मी ते कौतुकाने दाखवायचे.

मग लक्षात आलं, की पाण्याची बाटली रोज भरलेलीच परत येते. बऱ्याच दिवसांनी तिने सांगितलं, की पाणी प्यायलं की शूला जावं लागतं, शूला जायचं तर विचारावं लागतं, आणि विचारलं तर वर्गात बोलल्यासारखं होईल. म्हणून ती शाळा सुटेपर्यंत पाणीच पीत नव्हती. पोटात दुखायचं ते त्यामुळेच. खानदेशीदादा, तुमचा मुद्दा खरा आहे, तिच्या शेजारचा बडबडतो तेव्हा तिचं लिहायचं राहतं. पण त्याच्याच बडबडीत ती एकदा हसली, असंही ती घरी येऊन सांगते. मला दोघंही एका वर्गात हवेत, आणि माझ्या मुलीला तोंड उघडायची भीती वाटायला नको.

निवृत्त_बाई

सईच्या आई, आजच शाळेत जा. हे थांबायला नको. मी वर्गात करंगळीचा नियम ठेवला होता. करंगळी दाखवायची आणि मी मान हलवेन याची वाट न बघता जायचं, एका वेळी एकाने. दाराच्या खिळ्याला लाकडी पट्टी टांगलेली असायची. ती घेऊन जायचं, आल्यावर परत अडकवायची. पट्टी जागेवर नसेल तर कुणीतरी बाहेर आहे हे सगळ्यांना कळतं. परवानगी मागायची वेळच येत नाही. मुलं उगीच फिरतील असं सहकारी म्हणायच्या. पहिला आठवडा फिरली. नंतर पट्टीतली गंमत संपली.

आणि मधल्या सुट्टीआधी सगळ्या वर्गाने एकदम दोन घोट पाणी प्यायचं. एकट्याला लाज वाटत नाही.

सईची_आई

मनापासून आभार, बाई. खिळ्याचं उद्याच सांगते.

पिंपळपान

करंगळीचा नियम आमच्याही शाळेत होता, पण बाई विचारायच्या, "खरंच लागलीय का?" सगळ्या वर्गासमोर. त्यापेक्षा पट्टी केव्हाही बरी.

गोदाकाठ

सगळ्यांचे प्रतिसाद वाचत होते, उत्तर द्यायला उशीर झाला कारण काल बाईंना भेटून आले. मुलाचे बाबाही आले होते.

बाई अगदी तरुण आहेत. वर्गात पन्नासच्या वर मुलं, त्यात त्या आठवड्यात शेजारच्या बाई रजेवर जाणार होत्या, मग दोन्ही तुकड्या यांच्याकडेच. त्या दिवशी दाराशी त्याच कामाचं बोलणं चाललं होतं. म्हणाल्या, "फळ्यावर नाव बघून आधी मला हसूच आलं होतं. पण मी हसले असते तर वर्ग आवरला नसता." माणदेशी गुरुजींचा फुलीचा विचार मी त्यांना सांगितला. थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "हे मला सुचायला हवं होतं." मला त्या फार आवडल्या.

मॉनिटरची पाळी रोज बदलून बघू म्हणाल्या, हजेरीच्या क्रमाने. फळ्यावरची नावं सध्या बंद. शेरा खोडणार नाहीत, आणि मी तसं म्हटलंही नाही. खानदेशीदादांचा मुद्दा मी घरी मुलासमोर ठेवला, की तू बोलतोस तेव्हा शेजारच्याचं काय होतं. त्याने विचार करून सांगितलं, "तो पण बोलतो." मग जरा वेळाने, "पण गणिताच्या तासाला तो बोलत नाही, मीच बोलतो." त्यावर आमचं ठरलं, गणिताच्या तासाला गप्प. बाकीच्या तासांचं त्याने अजून कबूल केलेलं नाही.

खेळ बंद केला नाही. बाबांना पटायला वेळ लागला, बाईंच्या तोंडून 'घरी काही करू नका' ऐकल्यावर पटलं. सासूबाईंना अजून पटलेलं नाही, पण त्याच रोज संध्याकाळी त्याला मैदानावर घेऊन जातात.

निवृत्त_बाई

छान झालं. एक शेवटचं. शेऱ्याखाली नुसती सही करू नका, एक ओळ लिहा. 'बोललो. गणिताच्या तासाला गप्प बसायचं ठरवलं आहे.' मुलासमोर लिहा, त्याला वाचून दाखवा. आमच्यापर्यंत घरचं काहीच पोचत नाही, फक्त सही पोचते. ती ओळ वाचली की पुढचा शेरा लिहिताना बाई दोन क्षण थांबतात.

खानदेशी_तडका

हे मात्र शंभर टक्के मान्य. आणि गोदाकाठताई, पोराला तीसपर्यंत पाढे शिकवा, गणिताच्या तासाला तोंड त्यातच गुंतेल.

नवी_सभासद

नमस्कार, पहिलाच प्रतिसाद. माझी मुलगी दहावीत आहे, तिच्या दप्तरात वर्गशिक्षकांना मोबाइल सापडला आणि तो वर्षभरासाठी जप्त करू म्हणतायत. असं करता येतं का?

वकील_पुणे

त्यासाठी वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर लिहितो.